कंदिलाचा हिशेब

परवा रात्री आकाशकंदील मालवायला उठलो, तर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, राहू द्या की रात्रभर! असा कितीसा खातोय तो?” मी निमूटपणे हात मागे घेतला. वडिलांच्या वेळी हे खपले नसते. फराळाची ताटे उचलली की ते कंदील विझवीत. बिल भरताना कळवळावे लागे, म्हणून काटकसर होती.

आपली बहुतेक वीज अजूनही कोळशाची. तेव्हा हवेतला कार्बन कमी करायचा, तर वीज-इंधनावर कर बसवून माणसाला पुन्हा कळवळायला लावावे, की नवे साधनच स्वस्त करून हाती द्यावे?

मी दुसऱ्या बाजूचा. सरकारी खरेदीत एलईडी दिवा २०१४ साली ३१० रुपयांना पडे. ‘उजाला’ योजनेत एकगठ्ठा खरेदी झाली आणि २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. साठ वॅटचे काम नऊ वॅटमध्ये होऊ लागले, तेही कुणाला दंड न करता. उलट फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरचा कर वाढवला, तेव्हा पॅरिसकराला मेट्रो होती. खेड्यातल्याला कामावर जायला डिझेलच्या गाडीवाचून गत्यंतर नव्हते. पिवळी जाकिटे घालून माणसे रस्त्यावर उतरली आणि डिसेंबरात सरकारला पुढची वाढ सोडून द्यावी लागली. ज्याला दुसरी वाटच नाही, त्याच्याकडून आडवाटेचा दंड घेणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

पण इंग्लंडातल्या जेव्हन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच बजावून ठेवले आहे की, यंत्र थोड्या कोळशात चालू लागले म्हणजे कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो. हे आठवले आणि अंथरुणात पडल्यापडल्या मी हिशेब मांडला. वडिलांचा कंदील साठ वॅटचा, दीड तास, म्हणजे नव्वद. आमचा नऊ वॅटचा, दहा तास, म्हणजेही नव्वदच! शास्त्रज्ञांनी वाचवलेले सारे आमच्या आळसाने गिळले होते.

सौभाग्यवतींना हे सांगितले. त्या म्हणाल्या, “मग त्यांच्यापेक्षा जास्त तर नाही ना जाळत?”

याला उत्तर सुचेना. थोड्या वेळाने मी उठलो आणि कंदील मालवला.