लाल दिवा दिसला, पण थांबायचे कुठे?

पिरंगुट ओलांडले की पौड रस्त्यावर घोटावडे फाटा लागतो. तिथून एक वाट घोटावड्याला आणि पुढे माण-हिंजवडीकडे जाते. औद्योगिक पट्ट्यातले ट्रेलर, हिंजवडीच्या नोकरदारांच्या गाड्या आणि शनिवार-रविवारी ताम्हिणीला निघालेले पर्यटक असा सगळा भार या रस्त्यांवर असतो. अशा रस्त्याची एक बाजू कामासाठी बंद झाली की उरलेल्या पट्टीतून गाड्या आळीपाळीने सोडाव्या लागतात. त्यासाठी कुठे झेंडेवाला उभा करतात, कुठे तात्पुरता सिग्नल. सिग्नल लावला की काम भागले, पाटी ही कागदोपत्री पूर्ततेची बाब, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. दिवा थांबायला सांगतो, कुठे थांबायचे ते सांगत नाही.

कायमच्या सिग्नलपाशी थांबारेषा असते, झेब्रा पट्टे असतात, चौकाचा आकारही डोळ्यांना कळतो. खोदलेल्या रस्त्यावर यातले काहीच नसते. मग पहिली मोटार बॅरिकेडला नाक लावून उभी राहते, दुचाक्या डावीकडच्या फटीतून तिच्याही पुढे जातात आणि मागचा एखादा शहाणा उजवीकडून समोरच्यांची बाजू अडवतो. तेवढ्यात पलीकडून डंपर येतो. अरुंद पट्टीतून बाहेर पडून आपल्या बाजूला वळायला त्याला जी जागा हवी, नेमकी तीच भरलेली असते. आता हिरवा दिवा लागूनही कोणी हलू शकत नाही. ब्रिटनमध्ये अशा ठिकाणी ‘लाल दिवा असताना येथे थांबा’ अशा अर्थाची पाटी लावतात. रस्त्यावर नसलेल्या थांबारेषेचे काम ती करते.

पूर्वसूचना देणारी दुसरी पाटी त्याहून बरीच अलीकडे हवी. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीला सुरक्षितपणे थांबण्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस ६० मीटरची दृष्टी धरते, ६० च्या वेगाला ८० मीटर. रांगेचे शेपूट वळणापलीकडे असेल, तर मागून येणाऱ्याला ना दिवा दिसतो ना रांग. म्हणूनच कामाच्या जागेवरील वाहतुकीसाठी असलेल्या ‘आयआरसी:एसपी:५५’ या मार्गदर्शिकेत कामाआधी पूर्वसूचनेचा स्वतंत्र टप्पा आहे.

आपल्याकडे पाट्या वाचतो कोण, झेंडेवालाच बरा, असे यावर म्हटले जाईल. त्यात तथ्य आहे. हात करून अडवणारा माणूस पाटीपेक्षा लवकर पाळला जातो. पण त्याला दुसरे टोक दिसेलच असे नाही, रात्री तो असतोच असेही नाही आणि भरधाव गाडीपुढे तो स्वतःच उघडा असतो. शिवाय पाट्यांवरचा विश्वास उडाला, त्यात वाहनचालकांइतकाच दोष काम संपल्यावरही ‘पुढे काम चालू आहे’ ही पाटी उभी ठेवणाऱ्यांचा आहे. वाचून काही निष्पन्न होत नाही, हे लोक अनुभवानेच शिकले.

कायदाही इथे एकाच बाजूला कडक आहे. लाल दिवा मोडणाऱ्या चालकावर अपघात झाला नसला तरी कारवाई होते. रस्त्याचे बांधकाम आणि देखभाल यांचे मानक न पाळणाऱ्या ठेकेदाराला व यंत्रणेला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार दंड आहे, पण त्या कसुरीमुळे कोणी मेले किंवा अपंग झाले तरच. आणि तोही जास्तीत जास्त १ लाख रुपये.