आपल्याला होत नाही म्हणून

एखाद्याचा पाय मोडला तर आपण धावून जातो. ताप आला तर कपाळाला हात लावून पाहतो. परंतु ठराविक ऋतू आला की ज्याचे नाक गळू लागते, डोळे खाजू लागतात आणि जो एकामागून एक दहा-दहा शिंका देतो, त्याच्याकडे पाहून आपण हसतो तरी किंवा कंटाळतो तरी. जखम नाही, ताप नाही. मग त्यात एवढे काय आहे, असे आपल्याला वाटते. जे दुखणे डोळ्यांना दिसत नाही व आपल्याला स्वतःला कधी झालेले नाही, त्याविषयी आपले काही कर्तव्य आहे काय? या प्रश्नाचा विचार आम्हांला एका चुकीमुळे करावा लागला. ती चूक आमचीच असल्यामुळे सांगण्यास संकोच वाटतो. तरी शब्बाथशाळेच्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून सांगतो.

आमच्या वर्गात बारा वर्षांचा एक मुलगा होता. पावसाळा सरत आला की तो सतत नाक ओढी, डोळे चोळी आणि कधी कधी पाठ चालू असताना चक्क डुलक्या घेई. आम्ही त्याला दोनदा सर्वांसमक्ष बोललो. तो म्हणाला, "सर, मला गवताचा त्रास होतो." मुले हसली. आम्हीही हसलो.

त्याच महिन्यात मंदिराच्या आवारात माजलेले गाजर गवत काढण्यासाठी आम्ही मुलांचे श्रमदान ठरविले. गवत पांढऱ्या फुलांनी भरले होते. मुलांनी ते उघड्या हातांनी उपटले आणि भारे करून डोक्यावरून वाहिले. तो मुलगा मागेच उभा होता. आम्ही त्याला कामचुकार म्हटले, तेव्हा तोही पुढे आला. संध्याकाळी त्याच्या पापण्या सुजल्या, मानेवर चट्टे उठले आणि रात्री छातीत घरघर सुरू होऊन त्याला दवाखान्यात न्यावे लागले. दोन दिवसांनी तो घरी आला. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा त्याची आई एवढेच म्हणाली, "सर, त्यानं तुम्हांला सांगितलं होतं ना?" वर्गात येणाऱ्या झोपेचे कारणही तेव्हाच कळले. शिंका थांबाव्यात म्हणून तो जी गोळी घेत असे, तिनेच त्याला गुंगी येत होती. ज्याला आम्ही आळस समजत होतो, तो त्याचा वर्गात येण्याचा प्रयत्न होता.

आमचा हेतू वाईट नव्हता, हे खरे. गाजर गवताने काय होते ते आम्हांला ठाऊक नव्हते, हेही खरे. पण तेवढ्याने आम्ही सुटतो काय? ठाऊक करून देणारा समोर उभा होता. माहिती नसणे हा कदाचित दोष नसेल. सांगणाऱ्याला हसणे हा निश्चित दोष आहे.

आम्ही हसलो ते का? कारण तेच गवत आम्ही वर्षानुवर्षे तुडवीत आलो होतो आणि आम्हांला काही झाले नव्हते. म्हणजे आम्ही आपल्या शरीराचे माप दुसऱ्याच्या शरीराला लावले. हे माप खोटे आहे. परागाचा बारीक कण मुळात विषारी नसतो. काही माणसांचे शरीर मात्र त्याला शत्रू समजते. पहिल्या काही भेटींत ते त्याची ओळख ठेवते आणि त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करते. पुढे तोच कण नाकात शिरला की पेशींतून हिस्टामीन नावाचे द्रव्य सुटते. त्यामुळे शिंका, खाज, पाणी आणि सूज हे सारे येते. हे मनाच्या दुबळेपणाने होत नाही आणि निर्धाराने थांबतही नाही. शिवाय वारंवार संपर्क आल्यावर आज त्रास नसलेल्या माणसालाही उद्या तो सुरू होऊ शकतो. तेव्हा आज हसणाऱ्याने जपून हसावे.

या दुखण्याचा इतिहासही हेच सांगतो. १८१९ साली जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी लंडनच्या वैद्यक मंडळापुढे एका रुग्णाची हकीकत वाचली. दर उन्हाळ्यात त्याचे डोळे व नाक गळत असे. तो रुग्ण ते स्वतःच होते. पुढे १८२८ पर्यंत शोधूनही त्यांना अशी अठ्ठावीसच उदाहरणे मिळाली. कारण मात्र त्यांना नीट उमगले नाही. उन्हाळ्याच्या उष्णतेने हे होते असे त्यांना वाटे. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनाही हाच विकार होता. त्यांनी स्वतःच्या नाकावर व त्वचेवर गवताचे पराग लावून पाहिले, चिकट काचेवर हवेतील पराग मोजले आणि १८७३ साली दोष परागांचाच असल्याचे दाखवून दिले. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, ज्यांना हा त्रास होता त्यांनीच त्याचा छडा लावला. ते डॉक्टर होते म्हणून त्यांचे ऐकले गेले. बारा वर्षांच्या मुलाचे कोण ऐकणार?

आता दुसरी बाजू. गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातील. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम लोकांच्या लक्षात आले आणि काही वर्षांतच रस्त्याच्या कडा, पडीक जागा, शेताचे बांध त्याने व्यापले. आज बेळगावापासून इंदूरपर्यंत ते कोणाला दाखवावे लागत नाही. एकेका झाडाला हजारो बिया येतात. आपल्या कुंपणात ते वाढू दिले तर त्याचे बी आणि पराग कुंपणापाशी थांबत नाहीत. आपल्या आळसाची किंमत पलीकडच्या घरातील एखादे मूल शिंकून, खाजवून, धापा टाकून देत असते, आणि कोणामुळे ते कोणालाच कळत नाही. नुकसान करणारा दिसत नाही म्हणून नुकसान झाले नाही, असे होत नाही.

परंतु कळवळा असला की काम भागले, असेही नव्हे. त्या प्रसंगानंतर मंडळीतील काहींनी मंदिरातील सर्व फुले बंद करावीत असे सुचविले. सूचना प्रेमाची होती, पण नेमकी नव्हती. गुलाब, झेंडू यांसारख्या फुलांचे पराग जड व चिकट असतात. ते मुख्यतः कीटकांच्या अंगाला लागून जातात. या विकारात बहुधा त्रास देतात ते वाऱ्यावर सहज उडणारे पराग, म्हणजे गवतांचे, काही झाडांचे आणि तणांचे. एखाद्याला मंदिरातील फुलांचाच त्रास होत असेल तर ती अवश्य दूर ठेवावीत; पण ते त्यालाच विचारून ठरवावे. ज्याचे दुखणे त्याला न विचारता केलेली दयाही आमच्या श्रमदानासारखीच आंधळी असते.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना आमची विनंती अशी: वर्गात नाक गळणारे मूल दिसले तर रागावण्यापूर्वी विचारावे, हे कधी सुरू होते, कशाजवळ गेल्यावर वाढते, आणि घरी काही औषध चालू आहे काय. बाहेरून आल्यावर हातपाय व तोंड धुणे, कपडे बदलणे, त्या दिवसांत कपडे उघड्यावर न वाळविणे, धुळीत नाकावर रुमाल बांधणे, या साध्या गोष्टींनी पुष्कळ आराम पडतो. गोळीने गुंगी येत असेल तर पालकांनी डॉक्टरांना सांगावे. कमी गुंगी आणणारी औषधे मिळतात. छातीत घरघर किंवा धाप असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालविता दवाखाना गाठावा. गाजर गवत काढावयाचे ते फुलावर येण्यापूर्वी, पावसाने माती मऊ असताना, हातमोजे घालून व अंग झाकून, आणि मोठ्यांनी. मुलांना त्या कामाला लावू नये. ज्यांना त्रास आहे त्यांना तर मुळीच नाही.

तो मुलगा वर्गात परत आला त्या रविवारी आम्ही त्याची सर्व मुलांसमोर क्षमा मागितली; ज्या ठिकाणी त्याला बोललो होतो, त्याच ठिकाणी. तो लाजला आणि काहीच बोलला नाही. पाठ सुरू झाल्यावर थोड्या वेळाने मागच्या बाकावरील एका मुलीने भीत भीत हात वर केला व म्हणाली, "सर, मलापण होतो तसा त्रास." या वेळी कोणी हसले नाही.