घोडा सावकाश ओढा

मनाने आज आपण अमेरिकेतल्या एका गन शॉपमध्ये उभे राहू. नव्या पिस्तुलांच्या कपाटापाशी गर्दी आहे. जुन्या मालाचं कपाट कोपऱ्यात आहे आणि तिथे फारसं कुणी नाही. काचेखाली स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० पडलंय: चार इंची नळी, .३८ स्पेशल, सहा घरांचा सिलिंडर, लाकडी मूठ. हे रिव्हॉल्व्हर १८९९ मध्ये ‘मिलिटरी अँड पोलीस’ या नावाने निघालं. १९५७ मध्ये कंपनीने आपल्या मालाला नंबर द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं मॉडेल १० झालं. आजवर अशी साठ लाखांहून जास्त बनली. तिथल्या पोलिसांच्या कमरेला ते कित्येक पिढ्या होतं. १९८० नंतर पोलीस खाती सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांकडे वळली आणि ही जुनी रिव्हॉल्व्हरं ढिगांनी दुकानांत आली.

हात अजून पुढे करू नका.

आधी आत काय चाललंय ते बघा. किमतीची चिठ्ठी वाचून झाली, मुठीचं अक्रोडी लाकूड आवडलं, आणि मनाने घेऊनही टाकलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ही ओढ वाईट नाही, तिला हाकलूही नका. ती आहे एवढं लक्षात असू द्या, कारण पुढच्या दहा मिनिटांत दोष दिसला की ‘चालतंय की’ असं म्हणणारी तीच असेल. एक श्वास घ्या, सोडा. आता दुकानदाराला सांगा, दाखवा म्हणून.

तो सिलिंडर उघडून, घरं रिकामी आहेत हे बघून मगच तुमच्या हातात देईल. त्याने बघितलं तरी तुम्ही पुन्हा बघा. एकेका घरावर बोट ठेवत सहा मोजा. नळी कुणाच्याही अंगावर रोखली जाणार नाही अशी भिंतीकडे किंवा खाली असू द्या, आणि बोट चापाबाहेर. रिकामा चाप ओढून बघायला हरकत नाही ना, हेही आत्ताच विचारा. काही दुकानदारांना ते खपत नाही, आणि दुकान त्यांचं आहे.

आता नुसतं बघा. नळीच्या टोकाशी निळा रंग उडालाय, सिलिंडरच्या कडा पांढऱ्या पडल्यात. ही म्यानाची घासट आहे. पोलिसाचं हत्यार रोज म्यानात जायचं आणि यायचं, पण गोळ्या झाडल्या जायच्या त्या बहुतेक सरावापुरत्या. म्हणून बाहेरून विटलेलं असं रिव्हॉल्व्हर आतून घट्ट निघण्याची शक्यता बरीच असते. मला भीती वाटते ती लख्ख दिसणाऱ्याची. कडा गोलावल्यात का? नळीवरची अक्षरं पुसट झालीत का? स्क्रूच्या भोकांच्या कडा खोलगट झाल्यात का? तसं असेल तर कुणीतरी पॉलिश मारून नव्याने रंग चढवलाय. या कंपनीच्या घोड्यावर आणि चापावर मुळात करड्या-तपकिरी ढगांसारखी छटा असते. तेही सरसकट निळे-काळे दिसले, तर रंग घरगुती म्हणायचा.

नजर बाजूच्या झाकणावरच्या स्क्रूंवर आणा आणि इथे थोडी थांबवा. स्क्रूची खाच सरळ, धारदार आहे की ओठ फाटल्यासारखी? फाटली असेल तर चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन कुणीतरी आत गेला होता. त्या झाकणाच्या कडेला उचकटल्याची खूण दिसली तर शंका पक्की. ते झाकण स्क्रू काढून, चौकटीवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकत सैल करायचं असतं. उचकटायचं कधीच नसतं. ज्याला हे माहीत नव्हतं त्याने आत आणखी काय केलं असेल, हा प्रश्न मनात तसाच राहू द्या. उत्तर थोड्या वेळाने मिळेल.

अंगठ्याने खिटी पुढे ढकला आणि सिलिंडर डावीकडे बाहेर काढा. ज्या हातावर तो बाहेर येतो त्याला क्रेन म्हणतात. सिनेमातला हिरो मनगटाला झटका देऊन सिलिंडर खटकन बंद करतो, ते करत राहिलं की हीच क्रेन वाकते. उघडा सिलिंडर बोटाने फिरवा आणि काडतुसं बाहेर काढणाऱ्या दांड्याच्या टोकाकडे बघत राहा. टोक एका जागी राहिलं तर ठीक. गिरक्या घेतल्या तर दांडा वाकलाय. सैल असेल तर तो आपोआप उलगडत जातो आणि एखाद्या दिवशी सिलिंडर उघडतच नाही.

आता बंद करा, दोन्ही हातांनी, दार लोटल्यासारखं. सिलिंडर पुढे-मागे हलवून बघा. केसभर हलला तर हरकत नाही, खडखडला तर आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट डोळ्यांना कळत नाही, तिथे फीलर गेज लागतं, गॅरेजमध्ये टॅपेटची गॅप बघतात तेच. साधारण .००४ ते .०१० इंच, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून पाव मिलिमीटरपर्यंत, हे चांगलं माप. सिलिंडर मागे दाबून एकदा मोजा आणि पुढे दाबून एकदा. दोन्हीतला फरक म्हणजे झीज.

इथवर नजरेचं काम होतं. आता हाताचं आणि कानाचं, आणि या सगळ्या तपासणीचा जीव इथेच आहे.

घोड्यावर अंगठा ठेवा. ओढू नका. आत काय होणार आहे ते आधी मनात बघा. घोडा मागे येऊ लागला की एक बारीक पट्टी वर सरकते आणि सिलिंडरच्या मागच्या चक्रीचा एक दात ढकलते. सिलिंडर डावीकडे वळतो. खाली चौकटीत एक छोटा अडसर टपून बसलेला असतो. नेमकं पुढचं घर नळीसमोर आलं की तो सिलिंडरवरच्या खाचेत उडी मारतो: टक. त्यानंतर घोडा आपल्या शेवटच्या मुक्कामी अडकतो: दुसरी टक. क्रम हाच हवा. सिलिंडर आधी, घोडा मागून; फार तर दोन्ही एकत्र.

दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर किंचित टेकवा, ब्रेक लागेल न लागेल इतकंच. आणि आता ओढा. घड्याळाचा मिनिटकाटा सरकताना दिसत नाही, तितक्या सावकाश.

हे पटकन केलंत तर काहीच कळणार नाही. सिलिंडरला वजन आहे. झटक्याने फिरवला तर पट्टी झिजलेली असली, तिने शेवटपर्यंत ढकललं नसलं, तरी तो आपल्याच वेगाने उरलेलं अंतर कापून खाचेत जाऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं, छान चालतंय. दुकानात उभं राहून खटाखट सहा वेळा चाप ओढणारे लोक या दोषाला स्वतःच्या हाताने झाकत असतात. घाटातल्या पाटीवर लिहिलेलं असतं ना, अति घाई संकटात नेई. या खाचेजवळ लावण्याजोगी दुसरी पाटी मला माहीत नाही. सावकाश ओढलंत की सिलिंडरला वेगाचा आधार उरत नाही. घोडा अडकला, पण अडसराची टक आलीच नाही. बोटाने सिलिंडर जरासा पुढे ढकलला तेव्हा आली. म्हणजे टायमिंग, सिलिंडर आणि घोडा यांचा तो क्रम, सुटलंय. अशा वेळी गोळी सुटताना घर नळीच्या बरोब्बर समोर नसतं. गोळी नळीच्या तोंडाशी घासते आणि शिशाचे कण फटीतून बाजूला उडतात. शेजारी उभा असलेला माणूस गाल चोळतो, तेव्हा मालकाला कळतं.

घोडा अंगठ्याने घट्ट धरून, चाप दाबून, तितक्याच सावकाश खाली आणा. एक झालं. अजून पाच आहेत. प्रत्येक घराला चक्रीचा स्वतंत्र दात आहे. पाच शहाणे आणि एक वांड, असं पुष्कळदा निघतं. मन तिसऱ्या-चौथ्यापाशी कंटाळेल आणि ‘कळलं आता’ म्हणेल. कंटाळ्याला बाजूला बसवा, पाचवं ओढा, सहावं ओढा. दुकानदार घड्याळाकडे बघत असेल तर बघू द्या.

शेवटच्या वेळी घोडा ओढलेलाच ठेवा. चापाला हात न लावता घोड्याला मागून अंगठ्याने पुढे रेटा, बेताच्या जोराने. तो हलता कामा नये. खाली पडला तर मघाच्या फाटक्या स्क्रूचं उत्तर मिळालं: चाप हलका करायच्या नादात कुणीतरी आत कानस चालवलीय. अशा वेळी मी पुढची तपासणी करत नाही. रिव्हॉल्व्हर परत काचेवर ठेवतो आणि आभार मानतो.

नाही पडला तर घोडा उतरवा. आता चाप मागे धरूनच ठेवा आणि सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. स्मिथ अँड वेसनमध्ये थोडी हालचाल असते, ती ठरवूनच ठेवलेली असते. शेजारी १९५५ पासून निघालेल्या जुन्या कोल्ट पायथनपैकी एखादं असेल, तर त्याचा सिलिंडर याच परीक्षेत दगडासारखा स्तब्ध हवा. तो उजवीकडे फिरतो, खिटीही मागे ओढायची असते. एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावलीत तर चांगलं नाकाराल आणि वाईट घ्याल. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या कानपूरच्या पारंपरिक .३२ ची किंवा जुन्या वेब्लीची जात आणखी वेगळी: ती मधोमध मोडून उघडतात, म्हणून तिथे बिजागरी आणि वरची कडी बघायची. मूठ एका हातात, नळी दुसऱ्या हातात. खुळखुळ जाणवली तर पुढे जाऊ नये.

आता पुन्हा मॉडेल १० कडे. चाप पूर्ण सोडा. घोडा आपोआप किंचित मागे सरला पाहिजे. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलात व्हिक्टरी मॉडेलचं एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. त्यानंतर कंपनीने घोड्याला अडवणारी पट्टी नव्याने बनवली. व्हिक्टरी म्हणजे मॉडेल १० चंच युद्धकाळातलं रूप. त्यातली ब्रिटनला गेलेली .३८ एस अँड डब्ल्यू या जरा जाड काडतुसाची होती. युद्धानंतर पुष्कळांची घरं खोल करून ती .३८ स्पेशल म्हणून विकली गेली. जुन्या काडतुसाचा घेर .३८६ इंच, नव्याचा .३७९. अशा घरात पितळी पुंगळी मागून फुगते. असं रिव्हॉल्व्हर समोर आलं तर दुकानदाराला थेट विचारा.

नळीतून बघणं दोन मिनिटांचं. सिलिंडर उघडा, मागे पांढरा कागद धरा, समोरून डोकवा. आतल्या पिळदार रेषा स्वच्छ हव्यात. काळसर कडं दिसलं तर तिथे कधीतरी गोळी अडकून नळी फुगलीय. घ्यायचं ते .३५७ चं मॉडेल १९ असेल तर नळीचं मागचं तोंड खालच्या बाजूने भिंगातून बघा. क्रेनला जागा करून देण्यासाठी तिथलं लोखंड सपाट, पातळ केलेलं असतं, आणि हलक्या, वेगवान १२५ ग्रेनच्या गोळ्यांनी तिथे चिरा जातात. या दुखण्यावर कंपनीने पुढे, १९८० च्या सुमारास, जाड चौकट काढली.

आता भावाचं बोला. सिलिंडरची पुढे-मागे हालचाल पातळ वॉशर घालून आवरते. सिलिंडर ढकलणारी पट्टी बदलता येते. वाकलेली क्रेन जाणता गनस्मिथ सरळ करतो. हे सगळं सांगून किंमत उतरवा, लाजू नका. चिरलेल्या नळीचं मात्र नाकापेक्षा मोती जड होतं. तशी नळी आता शोधावी लागते.

ठरलं तर खरेदीसाठी लागणारा सरकारी फॉर्म ४४७३ भरा, पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्या, आणि पैसे देण्याआधी परत घेण्याची मुदत विचारून घ्या. काही गोष्टी गोळी झाडल्याशिवाय कळत नाहीत. रेंजवर पहिल्या सहा झाडल्या की पुंगळ्या फेकू नका. प्रत्येकीच्या बुडावर फायरिंग पिनने पाडलेला खळगा बघा. मधोमध हवा. एखाद्या पुंगळीवर तो कडेला सरकलेला दिसला, तर ते घर शोधून काढा आणि मुदत संपायच्या आत दुकान गाठा.