रडताना कुठली मराठी?

संध्याकाळी टीव्हीवर मालिका सुरू झाली की आमची आत्या पहिल्या पाच मिनिटांत एकच प्रश्न विचारते, "ही कुठली?" पडद्यावर डोईवर पदर घेतलेली बाई असते, मागं गोठा असतो, चुलीवर भाकरी असते. गावाचं नाव मालिकेनं सांगितलेलं असतं, पण आत्याचा प्रश्न त्या नावाचा नसतो. त्या बाईचं बोलणं कुठलं, हे तिला हवं असतं. कळंब तालुक्यात तिचा जन्म गेला. नणंदा, विहिणी, सुना कुठून कुठून आल्या-गेल्या त्यावरून तिला माणसाच्या दोन वाक्यांत त्याचा मुलूख कळतो. भूम-परांड्याकडची बाई वेगळी, उमरग्याकडची वेगळी, अंबाजोगाईकडची वेगळी. मालिकेतली बाई यातल्या कुठल्याच गावची निघत नाही. "आपल्याकडं कोण बोलतंय असं?" म्हणून ती गप्प होते आणि कथा बघायला लागते.

मी मिळेल तिथं, मिळेल तसा सिनेमा बघत आलेला माणूस आहे. जत्रेतल्या तंबूत खाली बसून पाहिला, भाड्यानं आणलेल्या व्हिडिओवर रात्रभर पाहिला, सोलापूरला जाऊन मल्टिप्लेक्सात पाहिला, आता मोबाइलवर बघतो. अलीकडच्या चित्रपटांबद्दल आणि मालिकांबद्दल माझी जी काही मतं झाली आहेत, त्यांच्या मुळाशी शेवटी आत्याचाच प्रश्न आहे. त्यात मी एवढीच भर घालीन: पडद्यावरचा माणूस हसवताना कुठल्या मराठीत बोलतो आणि रडताना कुठल्या?

कारण आमच्या बोलीचा पडद्यावरचा इतिहास हसवण्याचा आहे. 'काय करतोयस' असं आम्ही म्हणत नाही, 'काय करायलास' म्हणतो. पाऊस 'पडतोय' असं नाही, 'पडायलाय'. 1948 पर्यंत आमचा धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं कचेरीतले उर्दू शब्द घराघरांत मुरले. उमरग्याच्या बाजूला कानडीचा हेल आहे, नळदुर्ग-परांड्याच्या बाजारात दखनी ऐकू येते. या मराठवाडी बोलीला सगळ्या महाराष्ट्रात नेलं ते छत्रपती संभाजीनगरच्या लक्ष्मण देशपांडे यांनी. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात ते एकटे 52 माणसं उभी करत. पुढं मकरंद अनासपुरे यांनी तीच बोली सिनेमात नेली. 'कायद्याचं बोला', 'गाढवाचं लग्न', 'गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा' या चित्रपटांत ते बोलायला लागले की आमच्याकडचं थिएटर उसळायचं, आणि त्यात अभिमान असायचा: आपला माणूस, आपलं बोलणं. या दोघांचं ऋण मोठं आहे. तक्रार आहे ती त्यांच्यामागून आलेल्यांबद्दल. त्यांनी या बोलीतला हशा तेवढा उचलला. मराठवाडी बोलणारा माणूस म्हणजे नायकाचा मित्र, शिपाई, गावातला भोळा किंवा बेरकी इसम. गोष्ट गंभीर झाली की हा माणूस बाजूला होतो आणि प्रमाण मराठीतली माणसं पुढं येतात.

बोलीच्या नशिबी हे कायमचं लिहिलेलं नसतं. मालवणीकडे पाहावं. मच्छिंद्र कांबळींच्या 'वस्त्रहरण'नं 1980 पासून मालवणीला राज्यभर नेलं, तेही हसवत हसवतच. पण 2016 मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली आणि त्याच बोलीत भीती आली. पुढच्या पर्वातले अण्णा नाईक मालवणी ढंगात बोलतात म्हणून कुणाला हसू येत नाही, उलट अंगावर काटा येतो. आणि 2025 च्या सप्टेंबरात 'दशावतार'मधला दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री पाहताना, कोकण कधी न पाहिलेली आमच्याकडची माणसं गहिवरली. कथेत काही जागा ताणलेल्या आहेत, उत्तरार्धात घटनांची फार दाटी आहे, असं माझं मत आहे. तरीही त्या म्हाताऱ्याच्या तोंडची भाषा त्याच्या मातीतून आलेली आहे, आणि त्यामुळं त्याचं दुःख उसनं वाटत नाही. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मालवणी विनोदापासून शोकापर्यंत येऊन पोचली. सातारी-कोल्हापुरीनं नायकपण मिळवलं ते 'लागिरं झालं जी' आणि 'तुझ्यात जीव रंगला'मधून. त्या मालिका त्यांच्या गावात खऱ्याच होत्या. पुढं मात्र तोच साचा प्रत्येक गावावर बसवला गेला, आणि आत्याचा प्रश्न सुरू झाला.

'पंचायत' ही हिंदी मालिका आमच्या घरात सगळ्यांनी मिळून पाहिली. सरपंच बाई नावाला आणि कारभार नवऱ्याचा, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पण त्या मालिकेचं खरं मोठेपण मला दुसऱ्या पर्वाच्या शेवटी दिसलं. प्रल्हाद हा उपप्रधान तोवर आपल्याला हसवत आलेला असतो. त्याचा फौजेतला मुलगा शहीद होऊन येतो, आणि तोच माणूस त्याच बोलीत, त्याच आवाजात कोसळतो. दुःखासाठी त्याला वेगळी, धुतलेली भाषा दिलेली नाही. आजवर हसवणारा गळाच आता दाटून येतो, म्हणून आपल्याला ते सहन होत नाही. मराठी मालिकांत मराठवाड्यातल्या माणसाला असा एक प्रसंग मिळालेला माझ्या पाहण्यात नाही.

सिनेमात मात्र मिळाला, आणि तोही आमच्या शिवेला लागून. 'सैराट'चा करमाळा म्हणजे परांड्याच्या शेजारचा तालुका. आर्चीचा तोरा सगळ्यांना आठवतो. मला हैदराबादच्या झोपडपट्टीतली, घरच्या आठवणीनं तुटलेली आर्ची आठवते. (हैदराबाद ही आमच्या आजोबांच्या पिढीची राजधानी. तिथं परागंदा होणं काय असतं, याच्या गोष्टी आमच्याकडं घरोघरी आहेत.) ती रडते ती गावाकडच्याच बोलीत. नागराज मंजुळे यांनी तिथं भाषा सरळ केली असती, तर चित्रपटाचा कणा मोडला असता. बोलीतला सिनेमा चालत नाही, बाजार मिळत नाही, असं निर्माते सांगतात तेव्हा मला याच चित्रपटाची आठवण येते. शंभर कोटींच्या घरात पोचलेल्या मराठी चित्रपटानं एका तालुक्याची बोली कुठंही सोडली नव्हती.

बार्शी धाराशिवला लागूनच आहे. आमची निम्मी सोयरीक तिकडची. त्या बार्शीच्या मातीतून दोन-तीन वर्षांच्या अंतरानं दोन चित्रपटांनी सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणला. अमर देवकर यांच्या 'म्होरक्या'ला 65 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो मिळाला. मेंढरं राखणाऱ्या पोराला शाळेच्या संचलनाचं नेतृत्व करायचं असतं, एवढीच त्याची गोष्ट. विनोद कांबळे यांच्या 'कस्तुरी'ला तो 67 व्या पुरस्कारांत मिळाला. त्यात सफाईचं आणि शवविच्छेदनाचं काम करणाऱ्या घरातला गोपी अंगाचा वास जावा म्हणून कस्तुरीच्या अत्तराचा शोध घेतो. मधल्या, 66 व्या वर्षी आदिनाथ कोठारे यांच्या 'पाणी'ला पर्यावरण विभागातला पुरस्कार होता, तोही नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीचा. तीन वर्षं ओळीनं हा कोरडा मुलूख दिल्लीत गौरवला गेला. आणि आमच्यापर्यंत कधी पोचला? 'म्होरक्या' 2020 मध्ये, 'कस्तुरी' 2023 च्या डिसेंबरात, 'पाणी' 2024 च्या ऑक्टोबरात. तोवर 'कस्तुरी'तली पोरं शाळा सोडून पुढं गेली असतील. थिएटरात हे चित्रपट किती दिवस टिकले, हे सांगतानाही जीव तुटतो.

'पाणी'बद्दल मला दोन्ही बाजूंनी बोललं पाहिजे. गावात पाणी नाही म्हणून पोरांना कुणी मुली देत नाही, हे त्यातलं सत्य आमच्या वाशी-भूमकडच्या कुठल्याही गावाला लागू आहे. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस आम्ही अंगावर काढलेत. चित्रपटानं ही तहान प्रामाणिकपणे दाखवली. पण काही ठिकाणी बोलीतले शब्द वाक्यात जपून ठेवल्यासारखे वाटतात. बोली ही शब्दांत कमी आणि श्वासात जास्त असते. वाक्य कुठं तुटतं, कुठलं अक्षर लांबतं, माणूस कुठं बोलायचं थांबवतो, यात ती असते. जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ'मध्ये ते साधलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं दिग्दर्शकाचं स्वतःचं गाव, गावातलीच माणसं, वऱ्हाडी बोलणं. सविताला पुन्हा पुन्हा पाटावर बसवून तेच ते प्रश्न विचारले जातात, आणि प्रत्येक वेळी तिचं उत्तर त्याच शब्दांत येऊनही आधीपेक्षा जड होत जातं. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'नं 2025 च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवाचं मोठं पारितोषिक मिळवलं. त्यात बापाच्या दहाव्यापर्यंतचे दहा दिवस आहेत, माणसं हळू आवाजात बोलतात, पार्श्वसंगीत नाही. सुतकातल्या घरात बोलणं किती कमी आणि किती नेमकं असतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला हा चित्रपट परका वाटणार नाही.

इथं कुणी मला अडवेल, आणि अडवावंच. बोली एवढी मोलाची, तर 'छावा' हिंदीत असून 2025 च्या फेब्रुवारीत आमच्या जिल्ह्यातली माणसं ढसाढसा का रडली? मीही रडलो. या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. माझं उत्तर असं: शंभूराजांचं मरण आम्ही त्या थिएटरात पहिल्यांदा ऐकत नव्हतो. शाळेच्या पुस्तकातून, पोवाड्यांतून, शिवाजी सावंतांच्या कादंबरीतून, आजोबांच्या तोंडून ते मराठीत आमच्या आत आधीच साठलेलं होतं. चित्रपटानं त्या साठ्याचं दार उघडलं. पडद्यावर हिंदी चाललं होतं, पण आम्ही आतल्या आत मराठीत ऐकत होतो. ज्या दुःखाचा असा साठा समाजाकडं नाही, जे अजून कुणी सांगितलेलंच नाही, त्याला हा आधार मिळत नाही. ते त्याच्याच भाषेत सांगावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही.

आत्याच्या घरात सर्वांत श्रद्धेनं पाहिली गेलेली मालिका म्हणजे 2024 च्या घटस्थापनेला कलर्स मराठीवर सुरू झालेली 'आई तुळजाभवानी'. त्यातली देवी तेजस्वी आहे, शस्त्रं झळाळतात, भाषा संस्कृतप्रचुर आहे. मला ती परकी वाटली. तुळजापूरची देवी युद्धानं दमते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते. दमलेल्या लेकीला निजवावं तशी माणसं तिला निजवतात. तिच्याशी बोलताना आराधी बाई 'तू' म्हणते, भांडते, नवस फिटला नाही म्हणून दटावते, "आगं आई, बघायलीस का न्हाई?" असं विचारते. या बोलण्याला उत्तर देणारी देवी कुणीतरी लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि एक गोष्ट अजून कुणी नीट दाखवलेली माझ्या पाहण्यात नाही. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं निजली होती. किल्लारीचं नाव जगाला कळलं, पण आताच्या उमरगा-लोहारा तालुक्यांतली गावंही तशीच झोपली ती उठली नाहीत. एकूण सुमारे 8000 माणसं गेली, बरीचशी जाड दगडी भिंती आणि मातीची माळवदं अंगावर येऊन. काही वर्षांपूर्वी लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात एका मावशींनी मला ती पहाट सांगितली. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. आवाज चढला नाही, हात थांबले नाहीत. "दार उघडंना. वरनं माती पडायलीय. धाकटं रडायलंय, आवाज यायलाय, पर हात पोचना."

त्या रात्री मी घरी येऊन वहीत लिहायला बसलो, तेव्हा सवयीनं 'माती पडत होती, मूल रडत होतं' असं लिहून गेलो. ते वाचलं आणि कळलं की माझ्या वाक्यात ती पहाट संपून गेली आहे. मावशींच्या बोलण्यात ती संपली नव्हती. माती अजून पडायलीय, लेकरू अजून रडायलंय. मी ती ओळ खोडली आणि खाली त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवले.