देणे केव्हा फिटते

एका माणसाचे देणे दुसऱ्याला पोचले, हे नेमके कोणत्या क्षणी खरे ठरते, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटला तरी मुळात तो स्वत्वाचा, म्हणजे एखाद्या धनावर कोणाची मालकी आहे याचा, प्रश्न आहे. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे न्यायासनापुढे येणाऱ्या वादविषयांत, ऋणादानाला पहिले स्थान आहे. आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम असा की, ऋणकोने जसजशी रक्कम द्यावी तसतशी तिची नोंद ऋणपत्राच्या पाठीवर करावी किंवा धनकोने स्वतःच्या हातची पावती द्यावी, आणि सगळे ऋण फिटल्यावर ते पत्र फाडून टाकावे. रक्कम दिल्याने तेवढ्यावर देणे संपत नाही, ते संपल्याची कोणालाही मागे फिरवता न येणारी खूण लागते, ही जाण या नियमामागे आहे.

धुळे तालुक्यातील शेतकऱ्याने जळगावच्या जिनिंग कारखानदाराला तीन लाख रुपयांचा कापूस विकला आणि दोघांची खाती निरनिराळ्या बँकांत असली, तर आज ही खूण मुंबईत मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या खातेवहीत उमटते. बँकेतील ठेव ही तिजोरीत वेगळी बांधून ठेवलेली रोकड नसून बँकेने खातेदाराला दिलेले वचन असते, आणि एका बँकेचे वचन दुसऱ्या बँकेने निर्धास्तपणे स्वीकारावे असे कारण नसते. म्हणून बँका आपली खाती रिझर्व्ह बँकेत ठेवतात, आणि ज्या लहान सहकारी बँकेला या व्यवस्थेचे थेट सदस्यत्व नसते ती एखाद्या मोठ्या प्रायोजक बँकेच्या आधाराने तीत सामील होते. 26 मार्च 2004 रोजी सुरू झालेल्या आणि 14 डिसेंबर 2020 पासून अहोरात्र चालणाऱ्या आरटीजीएस या पद्धतीत दोन लाख व त्यावरील रकमेचा प्रत्येक आदेश, इतर देण्याघेण्यांशी वजावट न करता, सुटा आणि तत्काळ पुरा होतो: कारखानदाराच्या बँकेच्या खात्यातून रक्कम वजा होते व शेतकऱ्याच्या बँकेच्या खात्यात जमा होते. 2007 च्या देयक व समायोजन प्रणाली अधिनियमाच्या कलम 23 ने असे समायोजन, म्हणजे देण्याचा हा शेवटचा निपटारा, अंतिम व अपरिवर्तनीय ठरवला आहे, आणि देणारी बँक पुढे दिवाळखोरीत निघाली तरी तो उलटत नाही. आदेशात चूक झाली असली तरी जुनी नोंद पुसली जात नाही. रक्कम परत यायची ती नव्या व्यवहाराने येते.

येथे धर्मशास्त्रातील एका जुन्या वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, ही व्याख्या मान्य केल्यावर प्रश्न उरतो की, घेणाऱ्याचे स्वत्व दात्याने सोडताच जन्मते, की त्याने स्वीकार केल्यावर. बंगालच्या दायभागाचा कर्ता जीमूतवाहन पहिल्या बाजूचा आहे, तर महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या मिताक्षरेची, म्हणजे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या टीकेची, परंपरा स्वीकाराची अपेक्षा करते. दुसरा पक्ष मान्य केला तर सोडणे व स्वीकारणे यांच्यामधल्या काळात धन कोणाचे, ही अडचण उभी राहते. रिझर्व्ह बँकेच्या वहीत ही अडचण बँकांपुरती नाहीशी होते, कारण तेथे त्याग आणि प्राप्ती या एकाच नोंदीच्या दोन बाजू असतात. शेतकऱ्यापुरती मात्र ती उरते, कारण त्याच्या बँकेला रक्कम त्याच्या खात्यात जमा करण्यासाठी अर्ध्या तासाची मुदत असते आणि तेवढा वेळ बँकांमधले देणे फिटलेले असूनही माणसाच्या हाती काही आलेले नसते.

याहून कठीण प्रश्न पायाचा, म्हणजे ही सगळी वचने शेवटी कशावर टेकतात याचा, आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात खानदेशचा कापूस तेजीत आला तेव्हा व्यापाराचा पैसा हुंडीवर फिरत असे. दर्शनी हुंडी दाखवताच, मुदती हुंडी ठरल्या दिवशी, आणि शाहजोग हुंडी पत असलेल्या सावकारालाच देय असे. अशा व्यवहारात एक वचन दुसऱ्यावर आणि दुसरे तिसऱ्यावर टेकलेले असते, आणि 1865 मध्ये युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा मुंबईतील पेढ्यांबरोबर या साखळ्याही तुटल्या. न्यायशास्त्र याला अनवस्था म्हणते: आधाराला आधार शोधत जाणे, ज्याला शेवट नाही. 1935 मध्ये स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेने ही साखळी एका ठिकाणी थांबवली, पण तिच्या वहीतील जमा हेही शेवटी वचनच आहे. मग ते का मानायचे? न्यायकुसुमांजली या ग्रंथात नैयायिक उदयनाचार्यांनी दाखवलेली दिशा येथे उपयोगी पडते: शंका घेणाऱ्याची स्वतःचीच कृती जेथे त्या शंकेच्या विरुद्ध जाते तेथे शंकेला मर्यादा येते. जो रुपयावर संशय घेतो आणि त्याच रुपयात मजुरी घेऊन बी-बियाणे आणतो, त्याचा संशय त्याच्याच वागण्याने खोडला जातो.

अमळनेरला कापड गिरणीचे मालक प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, म्हणजे कापसाच्याच पैशातून या प्रदेशात वेदान्ताच्या अभ्यासाची सोय झाली. त्या वेदान्ताच्या भाषेत समायोजनाची सत्ता पारमार्थिक, म्हणजे कधीच बाधित न होणारी, नाही. ती व्यावहारिक आहे, व्यवहार चालू असेपर्यंतच खरी. विज्ञानेश्वराने स्वत्व लौकिक, म्हणजे लोकव्यवहारातूनच कळणारे, मानले, त्याच्याशी हे जुळते. पण लौकिक म्हणजे लुटुपुटीचे नव्हे. जे केवळ लोकांच्या मान्यतेवर उभे असते, त्याच्या न्यायाची जबाबदारी लोकांवर अधिकच पडते, आणि त्या मान्यतेच्या कक्षेत कोण येतो व कोण बाहेर राहतो हा प्रश्न म्हणूनच धर्माचा प्रश्न बनतो. जळगाव जिल्ह्यात अडचणीत आलेल्या पतसंस्थांच्या ठेवीदारांना त्याचे उत्तर सोसून मिळाले: पतसंस्थेचे स्वतःचे खाते रिझर्व्ह बँकेत नसते, तिच्या ठेवींना बँकेतील ठेवींसारखे पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षणही नसते, त्यामुळे ठेवीच्या पावतीवर लिहिलेले वचन त्या शेवटच्या वहीपर्यंत पोचण्याचा मार्गच नव्हता, आणि निवृत्तीचे किंवा मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा भेद कोणी समजावून सांगितला होता.