मय्यतीच्या छातीतील यंत्र : अमानत कोणाची?



बीडहून सोलापूरकडे जाताना घाट चढून आले की आमच्या मांजरसुंब्याचा चौक लागतो. येथून एक रस्ता पाटोद्याकडे, दुसरा केज-अंबाजोगाईकडे फुटतो. गेल्या हिवाळ्यात याच परिसरातील एका घरी मय्यतीला गुस्ल देण्यासाठी मला बोलावणे आले. सत्तरी ओलांडलेले, पाच वेळचे नमाजी, शांत स्वभावाचे गृहस्थ. पाणी घालताना डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली माझ्या हाताला एक कठीण, चपटा उंचवटा लागला. त्यावर जुन्या टाक्यांची पुसट रेघ होती. थोरला मुलगा शेजारीच तांब्या घेऊन उभा होता. तो हळूच म्हणाला, "मौलाना, हे अब्बांचं पेसमेकर. दोन वर्षांपूर्वीच बसवलंय. काढायचं का?"

पडद्याआडून त्याच्या फुफीचा आवाज आला, "नको रे बाबा, आता त्यांना आणखी कापू नका."

जोहरची वेळ जवळ येत होती, कबर तयार होती, माणसे अंगणात थांबली होती. मी म्हणालो, "राहू द्या." त्यांना यंत्रासह दफन करण्यात आले.

त्यानंतर साधारण चार महिन्यांनी जुम्याच्या नमाजनंतर एक ऊसतोड कामगार मशिदीच्या दाराशी उभा राहिला. कारखान्यावरच त्याच्या पत्नीला वारंवार चक्कर येऊन ती कोसळत होती. हृदयाचे ठोके फार मंदावले आहेत, यंत्र बसवावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो. पण कागदपत्रे जुळेपर्यंत धीर धरायचा कसा, हा त्याचा प्रश्न होता. रुमाल फिरला. अल्लाहच्या कृपेने पुढे तिचे काम झाले. परंतु रुमाल फिरत असताना तो थोरला मुलगा माझ्यासमोरच्या सफेत होता. त्याने पाचशेची नोट टाकली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. त्याच्या त्या पाहण्याचे उत्तर शोधण्यासाठी मी किताबे उघडली, वडीलधाऱ्या उलेमांना विचारले. जे हाती लागले ते आपणांसमोर ठेवत आहे. हा फतवा नव्हे. निर्णयाच्या वेळी आपल्या विश्वासातील मुफ्तींना अवश्य विचारावे.

यंत्र म्हणजे काय?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथून निघणाऱ्या सूक्ष्म विद्युत संदेशाने ठोका पडतो. हा संदेश मंदावला किंवा वाटेत अडला की बाहेरून तो पुरवणारे यंत्र म्हणजे पेसमेकर. टायटॅनियम धातूची लहानशी डबी, आत बॅटरी, आणि शिरेतून हृदयापर्यंत गेलेल्या एक-दोन तारा. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात असे पहिले यंत्र बसवण्यात आले. ते काही तासांतच बंद पडले. पण एकामागून एक नवी यंत्रे बसत गेली आणि लार्सन 2001 सालापर्यंत, वयाच्या 86 व्या वर्षापर्यंत जगले. यंत्र बनवणारे अभियंता रूने एल्मक्विस्ट आणि ते बसवणारे शल्यविशारद ओके सेनिंग या दोघांच्याही मागून त्यांनी जगाचा निरोप घेतला. मृत्यूची वेळ कोणाच्या हाती आहे, हे यावरून समजावे.

काहींच्या मनात शंका येते, की यंत्राच्या आधाराने जगणे हे तवक्कुलच्या विरुद्ध तर नाही? नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले आणि उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण दिली. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक अज्ञानकाळातील एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असतानाही गरजेपोटी ही मुभा मिळाली. शरीरात माणसाने घडवलेली वस्तू बसवण्याला आपल्या परंपरेत इतका जुना आधार आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणूस गेल्यावरही पेसमेकर थांबत नाही. बॅटरी असेपर्यंत ते संदेश पाठवतच राहते. मात्र निष्प्राण हृदय त्याला उत्तर देत नाही. म्हणजे यंत्र हे केवळ साधन. प्राण देणारा आणि घेणारा अल्लाहच. मी ज्यांना कबरीत उतरवले, त्यांच्या छातीत ते यंत्र मातीखालीही आपले काम करीत राहिले असेल, आणि वर कोणाला तरी त्याची गरज होती. प्रश्न येथूनच सुरू होतो.

मय्यतीचा सन्मान

फुफींच्या तोंडून जी भावना बाहेर पडली, ती हलकी नाही. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे, अशा अर्थाची हदीस आहे. म्हणूनच आपण मय्यतीला कोमट पाण्याने, हळुवार हातांनी, अंग झाकून गुस्ल देतो. आपल्या अनेक हिंदू बांधवांकडे दहनापूर्वी हे यंत्र काढावेच लागते, कारण आगीत त्याची बॅटरी फुटते. आपल्याकडे दफन असल्याने तशी सक्ती नाही. सक्ती नसल्यामुळेच आपण विचार करणे टाळतो.

परंतु त्याच हदीसकडे पुन्हा पाहू या. तिने मृताला जिवंताच्या बरोबरीला आणले आहे. मग जिवंत माणसाशी आपण काय करतो? बॅटरी संपत आली की डॉक्टर त्याच जुन्या व्रणावर चीर देतात, डबी काढतात, दुसरी बसवतात आणि टाके घालतात. त्याला कोणी विटंबना म्हणत नाही. विटंबना ठरते ती विनाकारण, निष्काळजीपणे किंवा तिरस्काराने केलेली इजा. जाणत्या हाताने, गरजेपोटी, अदबीने दिलेली तीच चीर मृत्यूनंतर अपमान कशी ठरेल?

हनफी फिकहमध्ये एक प्रसिद्ध मसला आहे. गर्भवती स्त्री मरण पावली आणि पोटातील बालक जिवंत असेल, तर बालकाला वाचवण्यासाठी तिचे पोट चिरावे. याउलट, एखाद्याने दुसऱ्याचा मौल्यवान ऐवज गिळला आणि तो मरण पावला, तर तेवढ्यासाठी पोट चिरावे की नाही, यावर फुकहांमध्ये मतभेद आहेत. या दोन मसल्यांकडे एकत्र पाहिले की एक तराजू दिसतो. केवळ मालासाठी मय्यतीच्या देहाला हात लावताना आपले बुजुर्ग अडखळतात. जीव वाचवण्यासाठी मात्र त्यांनी वाट मोकळी केली आहे.

येथे कोणी म्हणेल की ते बालक समोर होते, निश्चित होते. पेसमेकर कोणाला मिळणार हे कोठे ठाऊक आहे? हा आक्षेप खरा आहे आणि तो मी मान्य करतो. म्हणून यंत्र घेणारे जबाबदार रुग्णालय अगोदर ठरलेले असावे. कोणी घेणारा नसताना, 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून काढून कपाटात ठेवण्यासाठी मय्यतीला चीर देणे मला रास्त वाटत नाही. त्या दिवशी मी 'राहू द्या' म्हणालो, तेव्हा माझ्यापाशी असा कोणताही पत्ता नव्हता. तेवढ्यापुरते माझे उत्तर चुकले नसेल. चुकले ते हे, की तो प्रश्न गुस्लच्या तख्त्यापर्यंत पोहोचेपर्यंत आम्ही कोणीही तो विचारला नव्हता.

अवयवदानाचा वाद येथे आणण्याचे कारण नाही. त्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 साली काही अटींवर अनुमती दिली, तर आपल्या देशातील अनेक उलेमा मृताच्या अवयवदानाला अनुमती देत नाहीत. पेसमेकर हा अवयव नाही. तो माणसाने घडवलेला, विकत घेतलेला, बाहेरून आत गेलेला ऐवज आहे.

ते खरेच कोणाच्या कामी येते काय?

येते, आणि त्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अमेरिकेतील अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी कुटुंबांच्या संमतीने मृतांची यंत्रे जमा केली. त्यांतील चांगली बॅटरी शिल्लक असलेली 53 यंत्रे निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात 53 गरीब रुग्णांना बसवण्यात आली. 2012 साली डॉक्टरांनी हा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात यंत्रामुळे संसर्ग झाल्याचे किंवा यंत्र बिघडल्याचे आढळले नाही. धोकादायक ठोक्यांच्या वेळी हृदयाला विजेचा झटका देणारी जी मोठी यंत्रे असतात, त्यांचाही असा पुनर्वापर मुंबईत 81 रुग्णांमध्ये झाला. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी मेक्सिको व आसपासच्या देशांतील 1051 रुग्णांचा हिशोब 2020 साली मांडला. दोन वर्षांत संसर्गाचे प्रमाण वापरलेल्या यंत्रांत 2 टक्के, तर नव्या यंत्रांत 1.2 टक्के होते, आणि हा फरक निर्णायक मानण्याजोगा नव्हता.

विचार करा, वाचकहो! सातासमुद्रापलीकडच्या, बहुधा वेगळ्या धर्माच्या एका कुटुंबाने आपल्या मृताच्या छातीतील यंत्र दिले आणि मुंबईतील एखादी गरीब माता पुन्हा चुलीपुढे उभी राहिली. एक जीव वाचवणे म्हणजे जणू सर्व मानवजातीला वाचवणे, ही शिकवण आपल्या ग्रंथात आहे. ती आचरणात आणण्यात आपण मागे का असावे?

अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपन्या ही यंत्रे एकाच रुग्णासाठी म्हणून बनवतात. म्हणून पुनर्वापर हा डॉक्टरांनी, कायद्याच्या चौकटीत आणि योग्य तपासणीनंतरच करायचा विषय आहे. आणि ज्याला ते बसवायचे, त्याला ते वापरलेले आहे हे स्पष्ट सांगून त्याची संमती घेतलीच पाहिजे. बाजारात धान्याच्या ढिगाखाली भिजलेले धान्य लपवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) कडक शब्दांत सुनावले होते. धान्याबाबत ही सक्ती, तर हृदयाबाबत किती असेल? जुने यंत्र नवे म्हणून विकणे हे उघड पाप आहे. दान दिलेल्या यंत्राची किंमत लावून मधल्यामध्ये पैसा करणे हेही तसेच.

हक्क कोणाचा?

माणूस गेला की त्याची मालमत्ता वारसांची होते. त्याआधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एकतृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत, हा क्रम आपण जाणतो. यंत्र रुग्णाच्या मालकीचे असेल, तर तेही तरक्यात येते. म्हणून थोरल्या मुलाने एकट्याने 'देऊन टाका' म्हणणे पुरेसे नाही. विधवा आहे, मुली आहेत, लहान भाऊ आहेत. प्रौढ वारस आपला वाटा खुशीने सोडू शकतात. अज्ञान बालकाचा वाटा दुसऱ्या कोणाला सोडता येत नाही.

या गुंत्यातून सोपी वाट एकच आहे, आणि ती म्हणजे वसीयत. ज्यांच्या छातीत असे यंत्र आहे, त्यांनी स्वतः शुद्धीवर असताना आणि घरचे सर्व समोर असताना सांगून ठेवावे, शक्यतो लिहून ठेवावे, की माझ्यानंतर हे एखाद्या गरजूला द्यावे. ज्या डॉक्टरांनी यंत्र बसवले त्यांनाच विचारून ठेवावे, की ते स्वीकारणारे कोणी आहे काय. यंत्राचे ओळखपत्र घरात सर्वांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावे. नको असेल तर तेही स्पष्ट सांगावे. मग वारसांच्या मनावर ओझे राहत नाही. यंत्र काढायचे झाल्यास ते गुस्लपूर्वी, डॉक्टरांकडूनच काढून घ्यावे. झटका देणारे यंत्र असेल, तर ते आधी यंत्रणेद्वारे बंद करावे लागते. अन्यथा तारा कापताना झटका बसू शकतो. गुस्ल देणाऱ्याने ब्लेड घेऊन हे काम कधीही करू नये. आणि या कामासाठी दफन रेंगाळू देऊ नये, कारण जनाजा लवकर नेण्याची आपल्याला ताकीद आहे. वेळेत जमत नसेल, तर मय्यतीला यंत्रासह दफन करण्यात कोणताही गुन्हा नाही. एकदा दफन झाल्यावर तो विषय संपला. त्यासाठी कबरीकडे पुन्हा पाहू नये, आणि कुटुंबाला बोलही लावू नये.

माणूस गेला की त्याची कर्मे थांबतात. चालू राहते ते सदका-ए-जारिया, उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. आपण विहीर खोदतो, मशिदीत पंखा देतो, मदरशाला कुरआनच्या प्रती देतो. कोणाच्या छातीत आपल्या यंत्राने ठोका पडत राहावा, ती व्यक्ती उठावी, लेकरांना जेवू घालावे, हेही त्याच वाटेवरचे दान ठरावे, अशी मी अल्लाहपाशी आशा बाळगतो.

त्या थोरल्या मुलाला मी नंतर घरी जाऊन भेटलो आणि हे सर्व सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मौलाना, अम्मीलाही डॉक्टरांनी मशीन सांगितलंय. या वेळी तिलाच विचारतो." आम्ही दोघे आत गेलो. अम्मीने ऐकून घेतले आणि विचारले, "माझं मशीन ज्या बाईला मिळेल, ती माझ्यासाठी दुआ करील ना?"

मी म्हणालो, "ती करील न करील, अम्मी, अल्लाह तर पाहतोच आहे."

हे अल्लाह, आमच्या आजारी बंधू-भगिनींना शिफा दे, आमच्या मय्यतींना मगफिरत दे, आणि आमच्याकडे जे काही तुझी अमानत म्हणून आहे, ते वेळेत आणि योग्य हाती सोपवण्याची तौफीक दे. आमीन.