नाव कुणासाठी ठेवायचे?

श्रावणाच्या आरंभी एका बाईचा फोन आला. "बुवा, मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं धरलंय. नाव तुम्ही सांगा." आम्ही आवाज ओळखला आणि क्षणभर आम्हांला बोलवेना. का बोलवेना, ते सांगण्यासाठीच आज लेखणी हाती घेतली आहे. सज्जनहो, हा आमच्या स्वतःच्या खात्यावरचा जुना हिशेब आहे.

तीसेक वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. ज्या घरी आमचा उतारा, त्याच घरी त्या दिवशी बारसे निघाले. पाळणा बांधला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या. गोविंद-गोपाळांचा पुकार करीत बायांनी बाळाला पाळण्याखालून-वरून दिले-घेतले. पण बारशाच्या घरी असावा तसा गलबला नव्हता. मुलगी चौथी. आत्या पाळण्यापाशी वाकली, कानात कुर्र केले आणि नाव सांगितले, नकुशी. आमच्या तोंडाकडे पाहून आजी म्हणाली, "म्हाराज, ह्ये नाव ठिवलं म्हंजी म्होरलं पोरगं व्हतंय."

आम्ही काय केले? बाळाच्या मस्तकी अक्षता टाकल्या, 'रामकृष्णहरी' म्हटले आणि पानावर बसलो. रात्री नाममहिमा लावला. अजामिळाचे आख्यान असे रंगले की लोक म्हणाले, बुवा, आज बहार केलीत!

नऊ-दहा वर्षांनी पुन्हा त्याच गावी कीर्तन झाले. पोरे पाया पडायला आली. एका मुलीला आम्ही सहज विचारले, "बाळ, नाव काय गं तुझं?" तिने मान खाली घातली. मागून तिच्या पाठच्या भावाने ते नाव ओरडून सांगितले. पोरे खो खो हसली. मुलगी पाया न पडताच निघून गेली. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही.

आता कोणी म्हणेल, बुवा, एवढे काय मनाला लावून घेता? नावात काय असते? हा पूर्वपक्ष हलका नाही. पाठशाळेत आम्ही महाभाष्य वाचले. पतंजलींनी शब्दांचे चार प्रकार केले आहेत. 'गाय' हा जातीवरून आलेला, 'पांढरा' हा गुणावरून, 'चालणारा' हा क्रियेवरून. आणि चौथा यदृच्छाशब्द, म्हणजे कुणीतरी आपल्या मर्जीने कुणाला दिलेले नाव. त्याचे उदाहरण 'डित्थ'. त्या शब्दाला अर्थच नाही. मग माणसाचे नाव हे असे मर्जीचे असेल, तर त्यातून बरेवाईट काय निघणार? आपल्याकडे म्हणतातच, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

हे खरे आहे. नावाने माणसाला गुण येत नाही आणि दोषही येत नाही. नकुशी म्हटल्याने ती मुलगी नकोशी ठरत नाही. पण शास्त्रकारांनीच सांगितले की ते नाव कुणाच्या तरी मर्जीने येते. मग ती मर्जी कोणती होती, हे विचारायला नको का? नाव हे लेकराचे वर्णन नसेल, पण ठेवणाऱ्याच्या मनाचे वर्णन असतेच. आणि ते एकदा ठेवून संपत नाही. पाणी आण, शेण काढ, भावाला घे, अशी दिवसातून पन्नास वेळा हाक जाते. पन्नास वेळा त्या लेकराला ते मन ऐकावे लागते.

दुसरा म्हणेल, नामरूप सगळे मिथ्या. वेदान्त जाणणाऱ्याने त्याचा शोक का करावा? बाबांनो, ज्याने नामरूप ओलांडले त्याने हे खुशाल म्हणावे. नऊ वर्षांच्या पोरीला ते ऐकवणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे. शिवाय आपण वारकरी. नामाखेरीज आपल्याजवळ दुसरे भांडवल नाही. गळ्यात टाळ अडकवून 'नावात काय आहे' असे आपण कुठल्या तोंडाने म्हणणार?

काही लोक दगडू-धोंडूचा दाखला देतात. पूर्वी वाईट नावे ठेवीतच होते ना? होते. पण त्यातला भेद पाहा. ज्या आईची दोन-तीन मुले गेली, ती पुढच्याला धोंडू म्हणे. दृष्ट लागू नये, काळाने धोंडा समजून पुढे जावे, म्हणून. नाव ओबडधोबड, पण आत माया. ते नाव त्याच लेकरासाठी होते. 'नकुशी' हे नाव त्या मुलीसाठी नव्हतेच. ते अजून न जन्मलेल्या मुलाला धाडलेले आवतण होते, आणि ते लिहायला कागद म्हणून ही पोर वापरली. आमच्या मते सारा अधर्म इथे आहे. नाव ज्याला ठेवायचे त्याच्यासाठी ठेवावे. त्याच्या आडून दुसऱ्याला निरोप धाडू नये.

शास्त्र काय म्हणते? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाविषयी सांगितले आहे की ते उच्चारायला सोपे, क्रूर नसलेले, अर्थाने स्पष्ट, मनोहर, मंगल आणि आशीर्वाद असलेले असावे. हे आम्हांला पाठ होते, तरी त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. आणि खरे बोलायचे तर आणखी एक सांगितले पाहिजे. त्याच ठिकाणी, दोनच श्लोक आधी, शूद्राचे नाव निंद्य असावे असेही म्हटले आहे. तेही आम्ही घोकले, आणि गुरुजींना कधी विचारले नाही की हे का? ज्या पोथीत एका लेकराला आशीर्वाद आणि दुसऱ्याला निंदा वाटून दिली आहे, तिचा तो भाग वारकऱ्याला चालणार नाही. संतांनी तो चालू दिला नाही. जनाबाई दासी, पण तिचे नाव आज घरोघर जात्यावरून, कीर्तनातून घेतले जाते. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी आहे. आपण तिथे माथा टेकून आत जातो. दिंडीत तर नावगाव न विचारता प्रत्येकजण दुसऱ्याला 'माउली' म्हणतो. ज्या पंथात परक्याला माउली म्हणतात, त्या पंथाच्या घरात पोटच्या पोरीला नकुशी कसे म्हणावे?

आळंदीचे उदाहरण पाहा. गावाने त्या चार भावंडांना 'संन्याशाची पोरे' म्हणून वाळीत टाकले. पण आईबापांनी नावे ठेवली होती निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. गावाचे नाव विरून गेले, आईबापांचे राहिले.

आता अजामिळ. भागवताच्या सहाव्या स्कंधात ही कथा आहे. दहा मुलांतल्या धाकट्याचे नाव नारायण. मरतेवेळी यमदूत पाहून बापाने त्याला हाक मारली आणि विष्णुदूत धावले. संकेताने, थट्टेने, सहज ओठी येऊन वा अवहेलनेनेही घेतलेले नाम वाया जात नाही, असा तिथे सिद्धान्त आहे. हे आम्ही शेकडो वेळा सांगितले. पण उलट बाजू ध्यानी आली नव्हती. मनात नसता उच्चारलेले चांगले नाव जर तारते, तर मनात नसता रोज उच्चारलेले वाईट नाव लेकराच्या काळजाला काहीच करीत नसेल काय?

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. वाचून आम्हांला आनंद झाला आणि लाजही वाटली. हे काम कीर्तनकारांचे होते. कागदावरचे नाव एका दिवसात बदलते. जिभेवरचे बदलायला गावात कुणीतरी रोज सांगणारा लागतो.

आमच्या त्या मुलीला पुढे लग्नात सासरी तांदळावर नवे नाव लिहून मिळाले. माहेरी मात्र अजून जुनीच हाक आहे. तिचाच हा फोन. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदावर बाळाच्या नावामागे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लागते. म्हणजे तिचे नाव लेकीच्या नावाशी कायमचे जोडले जाणार. तिला हे ठाऊक होते. त्याचे तिला फार अप्रूप वाटत होते.

आम्ही तिला म्हणालो, "बाई, नाव आम्ही सांगणार नाही. जी हाक मारणार तिनंच ठेवावं." मग तिच्या बारशाला आम्ही हजर होतो आणि गप्प बसलो, हे सांगून क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुम्ही तिथं होता?" पुढे बराच वेळ ती बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मुक्ता ठेवते. तुम्ही या मात्र." आम्ही गेलो.

वाचकहो, बारसे निघाले की नक्षत्राचे अक्षर पाहा, कुलदेवतेचे नाव घ्या, नव्या पद्धतीचे ठेवायचे तर तेही ठेवा. पण अर्थ ठाऊक करून घ्या आणि शेताच्या बांधावरून हाक मारता येईल असे ठेवा. देवाचे नाव ठेवलेत तर त्या नावाने शिव्या देऊ नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, नाव मागाहूनही घालता येते. तेव्हा घाईने भलते ठेवू नका. आणि आमच्या कीर्तनकार बंधूंना एकच विनंती. पाळण्यापाशी चुकीचे नाव कानी आले, तर पानावर बसण्याआधी बोला. रात्रीचे कीर्तन थोडे कमी रंगले तरी चालेल.

रामकृष्णहरी.